मेंदूतल्या दाहावर संशोधन करायचंय? नागपुरातून निघण्याआधी हे वाचा

"मॅडम, मला अल्झायमरवर काम करायचंय," असं सांगत मुलं येतात तेव्हा मी एवढंच विचारते: आजाराच्या कोणत्या वर्षावर? बहुतेक जण गोंधळतात. अल्झायमरमध्ये विसरभोळेपणा दिसायला लागतो, त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत असतं. त्या सगळ्या काळात मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, गप्प बसलेल्या नसतात; त्यांच्या या उत्तेजित प्रतिसादालाच मेंदूतला दाह, न्यूरोइन्फ्लेमेशन, म्हणतात. पण त्या सुरुवातीला करतात ते आणि शेवटी करतात ते सारखं नसतं. कोणती पेशी, कधी, आणि त्या घडीला ती सावरते आहे की मोडते आहे, एवढ्या एका प्रश्नामागे आयुष्य घालवायची तयारी असेल तर पुढे वाचा.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले, बी.फार्म. इथेच केलं, पीएचडी आणि त्यानंतरची बरीच वर्षं बाहेर काढली आणि आता नागपुरातच एक छोटी लॅब चालवते. ज्यांच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे पण कॉन्फोकल नाही, आणि ज्यांच्या घरात आजवर कुणी पीएचडी केलेलं नाही, अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

आधी इतिहास वाचा, इन्स्टिट्यूटची यादी नंतर

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या रुग्णाच्या मेंदूबद्दल पहिल्यांदा सांगितलं. मायक्रोग्लियाला वेगळी पेशी म्हणून ओळख मिळाली ती १९१९ मध्ये, स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांच्यामुळे. नंतर कित्येक दशकं या पेशींना सफाई कामगारांपलीकडे फारशी किंमत नव्हती. १९८० च्या दशकात कॅनडातल्या पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याच्या गटाने अल्झायमर आणि पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत उत्तेजित मायक्रोग्लिया दाखवल्या. संधिवातासाठी वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी दिसतो, याकडेही त्यांनीच लक्ष वेधलं.

मग सगळ्यांना वाटलं, झालं, दाह दाबला की आजार थांबला. सुमारे अडीच हजार ज्येष्ठांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांची मोठी चाचणी सुरू झाली. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि आकलनशक्तीला फायदाही दिसला नाही. मायक्रोग्लिया शांत करणाऱ्या मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकची गत याहून वाईट झाली. उंदरांमध्ये हे औषध सुंदर चाललं, पण एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) रुग्णांमध्ये २००७ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा लवकर ढासळली.

याच्या शेजारी ट्रेम-टूची गोष्ट ठेवून वाचा. मेंदूत हे प्रथिन मुख्यतः मायक्रोग्लियावर असतं. त्याच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका दोन-तीन पटींनी वाढवतो, हे २०१२-१३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तो बदल असला की मायक्रोग्लिया अमायलॉइडच्या गाठीभोवती नीट गोळा होत नाहीत. म्हणजे इथे पेशींचा प्रतिसाद कमी पडतो म्हणून नुकसान होतं. जो विद्यार्थी नॅप्रोक्सेन आणि ट्रेम-टू या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवू शकतो, तो मुलाखतीत उठून दिसतो. बाकीचे "न्यूरोइन्फ्लेमेशन इज बॅड" म्हणून मोकळे होतात.

पार्किन्सनमधून एकच पेपर वाचायचा असेल तर लँगस्टन यांचा १९९९ चा वाचा. भेसळीच्या हेरॉइनमधून एमपीटीपी नावाचं विष शरीरात गेलेल्या तिघांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा तीन ते सोळा वर्षं उलटूनही तिथल्या मायक्रोग्लिया उत्तेजितच होत्या. विष केव्हाच निघून गेलं होतं, मग ही आग कशावर चालू राहिली? मी या क्षेत्रात आले ती या पेपरमुळे.

लॅब नसताना काय करता येतं

बरंच. पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची सूची, फुकट आहे. उंदराच्या मेंदूचा ॲलन ॲटलास फुकट आहे. फिजी हे प्रतिमा मोजण्याचं सॉफ्टवेअरही फुकट आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सगळ्यात मोठा खजिना म्हणजे जीईओ (फोनवाला जिओ नव्हे), जिथे जगभरातल्या लॅब आपला जनुकीय डेटा ठेवतात. २०१७ मध्ये इस्रायलच्या एका गटाने अल्झायमरच्या उंदरांमधल्या एकेका मायक्रोग्लियाचा आरएनए वाचून आजाराशी जोडलेल्या मायक्रोग्लियांचा एक वेगळाच गट दाखवला. तो डेटा तिथे आहे. आर किंवा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, डेटा उतरवा, आणि त्या गटात एपीओई आणि ट्रेम-टू या जनुकांचं प्रमाण वर जातं, निरोगी मायक्रोग्लियाची खूण असलेलं पी-टू-आर-वाय-ट्वेल्व्ह खाली येतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. लॅपटॉप हाफला की गूगल कोलॅब वापरा. सेमिस्टरच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे. माझ्याकडे नुसती मार्कशीट घेऊन येणाऱ्यापेक्षा असा एक आलेख काढून आणणाऱ्याला मी आधी बसवते.

दुसरं, डोळा तयार करा. निरोगी मायक्रोग्लियाला बारीक, लांब, फाटे फुटलेल्या शाखा असतात. उत्तेजित झाली की त्या शाखा आखडतात, जाड होतात आणि पेशी गोल व्हायला लागते. आयबा-वनचं (मायक्रोग्लिया ओळखायचं प्रथिन) स्टेनिंग केलेले मेंदूचे सेक्शन बघायला मिळाले तर फोटो काढून पळू नका, वही काढा आणि हाताने चित्र काढा. हे जुन्या लोकांचं खूळ वाटेल, पण कोणती शाखा खरी आणि कोणती शेजारच्या पेशीची, हे पेन्सिल हातात असतानाच कळतं. आणि चित्र काढताना हेही लक्षात असू द्या की तुम्ही गोठवलेला क्षण बघताय. जिवंत उंदराच्या मेंदूत या पेशी आपल्या शाखा सतत हलवत आसपास चाचपडत असतात, हे २००५ मध्ये टू-फोटॉन मायक्रोस्कोपने दिसलं, आणि 'विश्रांतीतली मायक्रोग्लिया' ही कल्पना तिथेच संपली.

पहिला खरा प्रयोग

नागपुरात किंवा वर्ध्यात सेल कल्चरची सोय असलेल्या लॅबमध्ये जागा मिळाली, तर पहिला प्रयोग बहुधा ठरलेला असतो: बीव्ही-टू ही उंदराच्या मायक्रोग्लियाची सेल लाइन, त्यावर दाह पेटवायला एलपीएस म्हणजे जिवाणूच्या भिंतीतला तुकडा, सोबत तपासायचं औषध, आणि चोवीस तासांनी वरच्या द्रवात ग्रीस रिएजंट. उत्तेजित पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याचंच नायट्राइट होतं. नायट्राइट असेल तर गुलाबी रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. स्वस्त आहे, एका दिवसात उत्तर देतो, आणि फसवतोही तितक्याच सहज. म्हणून इथे जरा थांबते.

पेशी मेल्या तरी नायट्राइट कमी येतं. तुमच्या औषधाने दाह कमी केला की पेशीच मारल्या, हे ग्रीस सांगत नाही. त्याच प्लेटच्या जोडप्लेटवर पेशी जिवंत असल्याची चाचणी लावा, त्याच दिवशी. "एमटीटी (हीच ती चाचणी) नंतर करू" म्हणणाऱ्याचा डेटा मी बघत नाही. स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांचा तुलनेचा आलेख, पाण्यात नव्हे, पेशी वाढवायच्या त्याच मीडियममध्ये बनवा, कारण मीडियमचा लाल रंग आकडा बिघडवतो.

एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच एलपीएस, सगळीकडे असतं: पाण्यात, काचेवर, आणि तुमच्या वनस्पतीच्या अर्कात तर हमखास. ऑटोक्लेव्हने, म्हणजे वाफेच्या निर्जंतुकीकरणाने, ते जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजावी लागतात. मायक्रोग्लियाला ते नॅनोग्रॅममध्येही कळतं. नुसत्या अर्कानेच पेशी उत्तेजित झाल्या, तर झाडाच्या औषधी गुणांवर परिच्छेद लिहायच्या आधी एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून घ्या.

आणि उंदराची मायक्रोग्लिया भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवते, माणसाची जेमतेम. म्हणजे ग्रीसवर उभा असलेला निष्कर्ष माणसाच्या मेंदूपर्यंत आपोआप पोचत नाही. हे थिसिसच्या शेवटच्या प्रकरणात कबूल करण्यापेक्षा सिनॉप्सिसमध्येच (पीएचडीच्या सुरुवातीचा आराखडा) लिहा आणि सोबत साइटोकाइनची, म्हणजे दाहाचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांची, एलायझा चाचणी आणि शक्य असेल तर माणसाच्या पेशी ठेवा.

प्रश्न कसा निवडायचा

आपल्याकडच्या फार्मसीतली ठरलेली वाट मला तोंडपाठ आहे. एक वनस्पती घ्या, अर्क काढा, उंदराला स्कोपोलामिन किंवा एलपीएस द्या, मॉरिस वॉटर मेझमध्ये (स्मृती तपासायचा पाण्याचा हौद) पोहायला लावा, थोडी साइटोकाइन मोजा, पेपर टाका. मेहनत असते, नाही असं नाही. पण यातून औषध कशावर चाललं ते कळत नाही. स्कोपोलामिन काही तासांपुरती स्मृती बिघडवतं, त्याला वीस वर्षं चालणाऱ्या आजाराचं मॉडेल म्हणणं धाडसाचं आहे. हळदीतलं करक्युमिन घ्याल तर ते स्वतः रंगीत आणि फ्लुओरोसंट, त्यामुळे चाचणीतच लुडबुड करतं, आणि पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. झाड वाईट नाही. त्याआधी पेशी, वेळ आणि लक्ष्य ठरवा, मग झाड आणा.

सिनॉप्सिसमध्ये 'एम-वन (दाह वाढवणारी) वाईट, एम-टू (दुरुस्ती करणारी) चांगली' असं लिहू नका. मायक्रोग्लियाची अशी दोन खात्यांत वाटणी होत नाही, यावर २०१६ मध्येच जाहीर टीका झाली, आणि २०२२ मध्ये जगभरातल्या संशोधकांनी एकत्र येऊन ही नावं सोडायला सांगितलं. तरी आपल्याकडे परीक्षक ती विचारतात. विचारलं तर आदराने उत्तर द्या, पण स्वतःच्या आकृतीत ती ठेवू नका.

उंदीर नर आणि मादी दोन्ही घ्या. तरुण उंदरावर म्हातारपणाचा आजार अभ्यासता आहात हे विसरू नका. प्राण्यांवरच्या कोणत्याही कामाला संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी लागते. ती येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका, गणित शिका. गटात किती उंदीर लागतील हे "सहा चालतात" या परंपरेने ठरत नाही.

इथल्या मातीतले प्रश्नही आहेत, आणि त्यांच्याकडे बोस्टनवाल्यांचं लक्ष नाही. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात रक्तवाहिन्यांत दाह चालू असतो आणि मेंदूत लक्षणं न दाखवणारे छोटे आघात होतात. या रुग्णांचं आयुर्मान वाढेल तसा त्यांचा मेंदू कसा म्हातारा होईल? क्षयाचा मेंदूज्वर हा तर दाहाचाच आजार, तिथे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी होतात हे २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या चाचणीने दाखवलं, म्हणजे दाह दाबणं कधी उपयोगी पडतं त्याचं जिवंत उदाहरण. नागपुरातल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये या मेंदूज्वराच्या निदानावर काम झालेलं आहे, ते पेपर शोधून वाचा. जपानी मेंदूज्वरात मायक्रोग्लिया काय करतात यावर मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये (एनबीआरसी) अनिर्बन बसू यांच्या गटाचं मोठं काम आहे.

ओपीडीत बसा

धंतोली आणि रामदासपेठेत पावलापावलावर न्यूरोलॉजीच्या पाट्या आहेत. ओळखीच्या डॉक्टरांना विचारा, रीतसर परवानगी घ्या आणि काही दिवस बाहेरच्या बाकावर नातेवाइकांसोबत बसा. 'म्हातारचळ' म्हणून घरी दोन-तीन वर्षं दुर्लक्षित राहिलेली माणसं तिथे दिसतील. ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते: "बाबा तसे बरे होते हो, लघवीचं इन्फेक्शन झालं आणि तिथून जे खचले ते खचलेच."

ही नुसती कहाणी नाही. साउथहॅम्प्टनच्या होम्स आणि ह्यू पेरी यांच्या गटाने २००९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा केला. ज्यांना मधल्या काळात शरीरात कुठे संसर्ग किंवा दाह झाला, त्यांची आकलनशक्ती दुप्पट वेगाने घसरली. आजाराने आधीच सावध झालेली मायक्रोग्लिया बाहेरच्या छोट्या चिथावणीलाही जास्त भडकते, असं पेरी यांचं म्हणणं. बाकावरचे ते नातेवाईक आणि हा पेपर एकच गोष्ट सांगतात. तुमचा पीएचडीचा प्रश्न या दोघांच्या मध्ये कुठेतरी असू शकतो.

भारतात साठीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ग्रँटच्या अर्जात हा आकडा लागतो, लिहून ठेवा.

परीक्षा, जागा, पैसे

यावर कोचिंगवाले भरपूर बोलतात, मी थोडक्यात सांगते. एम.एस्सी.वाल्यांना सीएसआयआर-नेट, गेट, डीबीटी आणि आयसीएमआरची जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप). फार्मसीवाल्यांना जीपॅट आणि नायपरची प्रवेश परीक्षा. टीआयएफआर, एनबीआरसी यांसारख्या संस्थांसाठी जीबिल्स (JGEEBILS) ही संयुक्त परीक्षा. एमबीबीएस झालेल्यांनी पीएचडीची वाट बंद समजू नये, ऊतक आणि रुग्ण दोन्हीपर्यंत पोचणारे लोक आम्हाला हवेच आहेत. पर्याय म्हणून बंगळुरूचं निम्हान्स (तिथली ब्रेन बँक या देशात फार मोलाची आहे), आयआयएस्सीच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, हैदराबादचं सीसीएमबी, पुण्याचं आयसर आणि एनसीसीएस डोळ्यासमोर ठेवा. त्याआधी तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने दुसऱ्या लॅबमध्ये काढले की आपल्याला हे जमतं की नुसतं आवडतं, ते कळतं.

जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, एसआरएफ (तिची पुढची पायरी) झाल्यावर ४२,०००. यात बंगळुरूत एकटं राहता येतं, पण घरी पैसे पाठवायचे तर ओढाताण होते. फेलोशिप वेळेवर येतेच असं नाही, म्हणून पहिल्या वर्षी थोडी शिल्लक टाका. इंजिनिअर चुलतभावाच्या पगाराशी तुलना होणारच. माझे वडील पाहुण्यांसमोर विचारायचे, "काहून बाप्पा, उंदराच्या डोक्यात एवढं काय ठेवलंय?" त्याला शास्त्रीय उत्तर देत बसू नका, जेवायला घ्या.

गाईड निवडताना त्यांचे पेपर बघाच, पण त्याहून आधी त्यांच्या लॅबमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना फोन करा. पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं, एखादी विद्यार्थिनी आजारी पडली किंवा तिचं लग्न ठरलं तेव्हा काय झालं, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर तेही उत्तरच. मुलाखतीत "मला माहीत नाही, पण असं तपासून बघता येईल" हे वाक्य बेधडक वापरा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. कंट्रोल गट कोणता ठेवाल यावर अडखळलात तर चालत नाही.

परत यायचं असेल तर

पोस्टडॉकनंतर परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी री-एन्ट्री फेलोशिप आहे, इन्स्पायर फॅकल्टी आहे, आणि प्रकल्पांसाठी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. नागपुरात यायचं तर आणखी एक हिशेब आधी करा, जो कुठल्याही पुस्तकात नाही: मे महिना.

सीओटू इन्क्युबेटर पेशींना ३७ अंशांवर ठेवतो, पण तो फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीचं तापमान त्याच्यापेक्षा काही अंश तरी कमी असावं लागतं. बाहेर ४५ अंश आणि एसी बंद पडला, तर इन्क्युबेटर खोलीच्या मागे मागे वर जातो आणि उन्हाने ताणलेल्या पेशी तुम्हाला दाहाचा सुंदर, खोटा डेटा देतात. प्राणिगृहाचंही तेच. उंदरांना उकाड्याचा ताण बसला की साइटोकाइनचे आकडे तुमच्या औषधाचे राहत नाहीत. म्हणून बजेट लिहिताना मायक्रोस्कोपच्या आधी दोन एसी आळीपाळीने चालवायची व्यवस्था, जनरेटर आणि तापमान नोंदवणारा लॉगर मागा. समिती हसेल, हसू द्या. अँटिबॉडी आणि एन्झाइमच्या ऑर्डरी होळीच्या आत मागवा, विक्रेत्याला शुक्रवारी माल पाठवू नको म्हणून लेखी कळवा, आणि डबा उघडल्यावर ड्राय आइस शिल्लक नसेल तर फोटो काढून त्याच दिवशी परत करा. पेशींचे महत्त्वाचे प्रयोग आणि म्हाताऱ्या उंदरांचं वर्तन जुलैनंतर लावा. एप्रिल-मे हा डेटा मोजायचा, स्लाइड बघायचा आणि पेपर लिहायचा काळ आहे.